तीन प्रश्न, सात मुले आणि एक हिशेबाची वही

गेल्या वर्षीच्या जुलैपासून दर रविवारी सकाळी दांडिया बाजारातल्या आमच्या घराच्या माडीवर सात मुले जमतात. सातहीजण महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकतात. दोघे बडोद्यातल्याच मराठी घरांतले, बाकीचे जळगाव, धुळे, नंदुरबारकडून येऊन वसतिगृहात किंवा भाड्याच्या खोलीत राहणारे. मी एका बँकेच्या कर्ज विभागातून निवृत्त झाले आहे, एवढ्याच भांडवलावर हा वर्ग सुरू झाला. शेजारच्या वाड्यात खोली घेऊन राहणारा तांत्रिकी शाखेचा एक मुलगा शैक्षणिक कर्जाचे कागद घेऊन आला आणि "काकू, यातली एक ओळ समजत नाही," म्हणाला. पुढच्या रविवारी तो दोन मित्रांना घेऊन आला, आणि नंतर माडीवर सतरंजी अंथरावी लागली.

ती न समजलेली ओळ सवलतीच्या काळाविषयीची होती. शिक्षण चालू असताना आणि त्यानंतर साधारण वर्षभर हप्ता भरावा लागत नाही, हे त्याला ठाऊक होते. मात्र हप्ता नाही म्हणजे व्याजही नाही, असा त्याचा तीन वर्षे समज होता. मी कागदावर मांडून दाखवले. दरवर्षी सुरुवातीला एक लाख असे चार वर्षे कर्ज उचलले आणि दर साल दर शेकडा दहा असे सरळ व्याज धरले, तर पहिल्या लाखावर पाच वर्षांचे, दुसऱ्यावर चार, तिसऱ्यावर तीन आणि चौथ्यावर दोन वर्षांचे व्याज साठते, म्हणजे एकूण १,४०,००० रुपये. हप्ते सुरू होतात ते चार लाखांवर नव्हे, ५,४०,००० रुपयांवर. ही बेरीज त्याने माझ्याआधी पुरी केली, कारण गणितात तो माझ्यापेक्षा कितीतरी तल्लख आहे. मग हे त्याने कर्ज घेतानाच का विचारले नाही, असे मी म्हटले, तेव्हा तो म्हणाला की मागे रांग होती, साहेब घाईत दिसत होते आणि आपला प्रश्न बावळट ठरेल असे वाटले.

त्याच्या या उत्तराने मला विचारात पाडले. बँकेत मी जन्मभर असे मानत आले की लोकांना पैशातले कळत नाही याचे कारण त्यांना कोणी शिकवत नाही. या मुलाला शिकवायला कोणी नव्हते हे खरे. परंतु समोर खिडकीशी माणूस बसलेला होता, कागदावर मजकूर छापलेला होता आणि खिशातल्या मोबाइलमध्ये जगभराची माहिती होती. त्याच्या आणि त्या माहितीच्या मध्ये आडवा आला तो त्याचा भिडस्तपणा. आर्थिक साक्षरता आणि स्वभाव यांचा संबंध काय, याविषयी तेव्हापासून मी जे वाचले आणि या सात मुलांत जे पाहिले, ते येथे लिहीत आहे. सात मुलांवरून सिद्धांत मांडता येत नाही, याची मला पूर्ण जाणीव आहे.

आर्थिक साक्षरता मोजण्यासाठी जगभर सर्वाधिक वापरले जाणारे तीन प्रश्न ॲनामारिया लुसार्डी आणि ऑलिव्हिया मिचेल या दोन अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतल्या पन्नाशीपुढच्या लोकांच्या २००४ सालच्या एका पाहणीसाठी तयार केले. मी ते रुपयांत मांडून मुलांना दिले. बचत खात्यात शंभर रुपये ठेवले आणि वर्षाला दोन टक्के व्याज मिळाले, तर पाच वर्षांनी खात्यात १०२ रुपयांपेक्षा जास्त असतील, बरोबर १०२ असतील की कमी असतील, हा पहिला प्रश्न. खात्यावर एक टक्का व्याज आणि महागाई दोन टक्के असेल, तर वर्षानंतर त्या पैशात आजच्याइतकीच खरेदी होईल, जास्त होईल की कमी, हा दुसरा. एकाच कंपनीचा शेअर घेणे हे शेअरांच्या म्युच्युअल फंडात पैसे ठेवण्यापेक्षा सहसा अधिक सुरक्षित असते, हे विधान बरोबर की चूक, हा तिसरा. पहिल्याचे उत्तर १०२ पेक्षा जास्त (चक्रवाढीने सुमारे ११० रुपये ४१ पैसे), दुसऱ्याचे कमी आणि तिसऱ्याचे चूक. प्रत्येक प्रश्नाला 'माहीत नाही' असाही पर्याय असतो, आणि त्या पर्यायाची गोष्ट मला पुढे सांगायची आहे.

प्रश्न सोपे वाटतात, परंतु आपल्या देशाचे चित्र फारसे सुखद नाही. राष्ट्रीय वित्तीय शिक्षण केंद्राच्या २०१९ च्या पाहणीत प्रौढांपैकी २७ टक्केच आर्थिकदृष्ट्या साक्षर ठरले; २०१३ मध्ये हेच प्रमाण २० टक्के होते. तिथली मोजणी या तीन प्रश्नांपुरती नव्हती. ज्ञानाबरोबर वर्तन आणि वृत्ती असे तीन घटक त्यात धरलेले असतात, आणि वर्तन व वृत्ती मोजायला घेतली की स्वभाव मागच्या दाराने आत येतोच.

आमच्या माडीवर तिघांची तिन्ही उत्तरे बरोबर आली. त्यांतला एक वाणिज्य शाखेचा, बोलण्यात वाकबगार, वर्गात सर्वांआधी हात वर करणारा. ललितकला शाखेच्या एका मुलीने दोन प्रश्नांपुढे 'माहीत नाही' यावर खूण केली. गुणपत्रिका एवढ्यावरच थांबली असती तर पहिला साक्षर आणि दुसरी निरक्षर असे लिहून मी मोकळी झाले असते. चहा घेताना कळले की त्या मुलाने तीन महिन्यांत ऑप्शनच्या, म्हणजे शेअर किंवा बाजाराचा निर्देशांक पुढे चढेल की उतरेल यावर पैसे लावण्याच्या करारांच्या, व्यवहारात अडतीस हजार रुपये घालवले आहेत, आणि त्यांतले वीस हजार क्रेडिट कार्डावर उचललेले आहेत. त्या मुलीकडे मात्र वसतिगृहात आल्या दिवसापासूनची वही आहे, तीत रंगांच्या ट्यूबा, रिक्षाभाडे आणि मांडवीत खाल्लेली शेवउसळसुद्धा तारखेनिशी लिहिलेली आहे, आणि घरून येणाऱ्या हातखर्चीतून तिने वर्षाकाठी नऊ हजार रुपये मागे टाकले आहेत.

स्वभाव मोजण्याचे जे शास्त्र आहे, त्यात आज सर्वांत मान्य असलेली रीत पाच गुणांची आहे. नव्याविषयीचा खुलेपणा, नेटकेपणा, बहिर्मुखता, मनमिळाऊपणा आणि चिंताग्रस्तता अशी नावे मी मराठीत वापरते. शास्त्रीय परिभाषेत थोडी वेगळी असतील. या रीतीचा उगम मला फार आवडला. माणसांतले जे भेद समाजाला महत्त्वाचे वाटतात त्यांच्यासाठी भाषेत शब्द तयार होतात, म्हणून शब्दकोश चाळला तर स्वभावाचा नकाशा हाती येईल, अशी ती मूळ कल्पना. गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ऑडबर्ट यांनी १९३६ साली इंग्रजी शब्दकोशातून माणसांना लावता येतील असे जवळजवळ अठरा हजार शब्द वेचले, आणि पुढच्या संशोधकांनी ते गटागटांत बसवत बसवत पाचांवर आणले.

हाच प्रयोग मराठीत, तोही फक्त पैशापुरता करावा, असे माझ्या मनात आले आणि एका रविवारी मुलांकडून शब्द गोळा केले. काटकसरी, चिक्कू, कवडीचुंबक, उधळ्या, दिलदार, हात सैल असलेला, मूठ झाकलेला, उधारखोर, हिशेबी, व्यवहारी, धोरणी, भोळा. अर्ध्या तासात फळा भरला. गंमत अशी की यांतला एकही शब्द ज्ञानाचा नाही. पैशातले कळणे यासाठी आपल्याकडे 'व्यवहारज्ञान' हा एकच धड शब्द निघाला, आणि त्यातही पैसा कमी व जगाची रीत अधिक आहे. 'हिशेबी' हा शब्द तर दुधारी. सासूने सुनेविषयी उच्चारला तर त्याचा अर्थ वेगळा होतो आणि बँक व्यवस्थापकाने खातेदाराविषयी उच्चारला तर वेगळा. आपल्या आज्या-पणज्यांनी पैशाचा विचार स्वभावाच्या भाषेत केला, आणि आज आपण मुलांना तो परीक्षेच्या भाषेत शिकवतो आहोत.

पाच गुणांपैकी बचत आणि कर्ज यांच्याशी सर्वांत सातत्याने जुळणारा गुण नेटकेपणाचा आहे. वेळ पाळणारी, हाती घेतलेले पुरे करणारी, वस्तू जागच्या जागी ठेवणारी माणसे अधिक बचत करतात आणि कर्जात कमी सापडतात, असे अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसते. अर्थात हा संबंध माफक असतो. उत्पन्न, घरची परिस्थिती आणि नशीब यांचा वाटा त्याहून मोठा असू शकतो. तरीही आमच्या वहीवाल्या मुलीकडे पाहिले की तो पटतो. तिला महागाईचा प्रश्न सुटला नव्हता, पण तिची वहीच महागाईचा पुरावा होती. मी तिला पहिल्या वर्षीचे आणि तिसऱ्या वर्षीचे पान शेजारी शेजारी ठेवायला सांगितले आणि त्याच दुकानातली तीच रंगाची ट्यूब कितीला पडली ते पाहायला लावले. दोन मिनिटे ती गप्प बसली आणि मग म्हणाली, "म्हणजे बचत खात्यात ठेवलेले माझे पैसे बारीक होत चालले आहेत." दुसरा प्रश्न यापेक्षा चांगल्या शब्दांत मलाही सांगता आला नसता.

तिने 'माहीत नाही' का लिहिले, हा प्रश्न मात्र उरतो. पुष्कळ देशांत या तीन प्रश्नांत स्त्रिया पुरुषांपेक्षा मागे पडतात, आणि त्यांचे चुकणे जितके असते त्यापेक्षा 'माहीत नाही' म्हणण्याचे प्रमाण ठळक असते. २०२१ मध्ये लुसार्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेदरलँड्समधल्या एका पाहणीवरून दाखवले की तेच प्रश्न त्याच लोकांना काही आठवड्यांनी 'माहीत नाही' हा पर्याय काढून दिले, तर अनेक स्त्रिया बरोबर उत्तर देतात; स्त्री-पुरुषांमधल्या तफावतीचा सुमारे एक तृतीयांश भाग ज्ञानाचा नसून आत्मविश्वासाचा आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. मी आमच्या माडीवर हा पर्याय खोडला आणि पुन्हा प्रश्न दिले. त्या मुलीचे पहिले उत्तर बरोबर होतेच, तिसरेही बरोबर आले. कर्ज विभागात असताना मी किती बायकांच्या तोंडून "साहेब, यांनाच विचारा, मला नाही कळत" हे वाक्य ऐकले असेल याची गणती नाही, आणि त्यांतल्या निम्म्या जणी घराची भिशी चोख चालवत असत.

आता त्या बोलक्या मुलाविषयी. त्याचे ज्ञान खोटे नव्हते; एकाच शेअरपेक्षा फंड सुरक्षित हे त्याने अचूक लिहिले आणि त्याच आठवड्यात एकाच निर्देशांकाच्या ऑप्शनवर सगळी रक्कम लावली. जगाला लागू असलेला नियम आपल्याला लागू नाही, असे मनातून वाटणे हा ज्ञानाचा अभाव म्हणता येत नाही. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स (हेही पुढच्या भावावरचेच करार) आणि ऑप्शनमध्ये व्यवहार करणाऱ्या व्यक्तींपैकी ९३ टक्के लोकांना तोटा झाला, सर्वांचा मिळून तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता, आणि तीस वर्षांखालच्या व्यवहारकर्त्यांचे प्रमाण एका वर्षात ३१ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेले. हे आकडे मी त्याला वाचून दाखवले तेव्हा त्याने ते मला आधीच पाठ म्हणून दाखवले. उरलेल्या सात टक्क्यांत आपण असू, एवढीच त्याची खात्री होती. ब्रॅड बार्बर आणि टेरन्स ओडीन यांनी २००१ साली एका अमेरिकी दलालाकडच्या हजारो खात्यांवरून दाखवले होते की पुरुष स्त्रियांपेक्षा ४५ टक्के अधिक उलाढाल करतात आणि त्या उलाढालीनेच आपला परतावा अधिक घटवतात. तेही मी सांगितले. त्याला ते फार मनोरंजक वाटले, आणि तिथेच विषय संपला.

त्याच्यावर परिणाम झाला तो क्रेडिट कार्डाच्या हिशेबाचा. वीस हजारांच्या थकबाकीवर महिना साडेतीन टक्के दराने व्याज होते ७००, त्यावर १८ टक्के जीएसटी १२६, असे ८२६ रुपये. त्याने पाच टक्क्यांची किमान रक्कम म्हणून भरले होते १,०००. म्हणजे मुद्दल कमी झाले ते १७४ रुपयांनी. हे गणित मी सांगितले नाही, त्याच्याच कार्डाच्या पत्रकावर त्याच्याकडून सर्वांसमोर मोठ्याने वाचून घेतले. चारचौघांत मान राखण्याची त्याला फार काळजी असते, आणि खरे सांगायचे तर मी तिचाच फायदा घेतला. नवरात्रात गरब्याचा पास, मित्रांचे पास आणि नऊ रात्रींच्या खाण्याचा खर्च कार्डावर टाकून 'ऋण काढून सण' करणारा हा एकटाच नव्हता. बहिर्मुख माणसाचा बराचसा खर्च माणसांसाठी, माणसांदेखत होतो, म्हणून त्याला लगामही माणसांदेखतच घालावा लागतो, असा माझा अनुभव आहे.

मनमिळाऊपणाचा तोटा मला सर्वांत अनपेक्षित होता. सँड्रा मॅट्झ आणि जो ग्लॅडस्टोन यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की मनमिळाऊ माणसे आर्थिक अडचणीत येण्याची शक्यता अधिक असते, विशेषतः उत्पन्न कमी असेल तर. आणि याचे कारण त्यांना घासाघीस जमत नाही हे नसून पैशाला ती मुळातच कमी महत्त्व देतात, हे आहे. आमच्यातला नंदुरबारचा मुलगा नेमका असा. वसतिगृहातला प्रत्येकजण त्याच्याकडून उसने घेतो, महिन्याच्या वीस तारखेनंतर तो स्वतः एका वेळचे जेवण टाळतो आणि विचारले तर हसतो. त्याला चक्रवाढ व्याज उत्तम येते. उसने दिलेले परत मागणे येत नाही, आणि त्यासाठी कोणत्याही अभ्यासक्रमात धडा नाही.

चिंताग्रस्तांविषयी थोडक्यात एवढेच, की ते पत्रक उघडत नाहीत. बाजार उतरला की गुंतवणूकदार आपले खातेच कमी वेळा पाहतात, हे संशोधकांनी मोजलेले आहे आणि शहामृगाचे नावही त्याला दिलेले आहे.

शिकवण्याने हे सारे बदलते का, असा प्रश्न कोणीही विचारील. डॅनियल फर्नांडिस, जॉन लिंच आणि रिचर्ड नेटेमायर यांनी २०१४ मध्ये शेकडो अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला, तेव्हा आर्थिक शिक्षणाने लोकांच्या आर्थिक वर्तनातल्या फरकाचा जेमतेम ०.१ टक्का भाग स्पष्ट होतो, असे निघाले, आणि शिकवलेले काळाबरोबर विरत जाते असेही. नंतरच्या काही आढाव्यांत परिणाम याहून बरे दिसले आहेत, तरी तो आकडा वाचून मी एक रविवार सुट्टी घेतली होती. शिवाय ज्यांना उत्तरे येतात ते मुळातच धोरणी असतात, की उत्तरे आल्यामुळे धोरणी होतात, हे अशा अभ्यासांतून वेगळे काढणे कठीण असते. मला दिसते ते असे की स्वभाव दोन ठिकाणी हात घालतो. कोण विचारेल, कोण वाचेल, कोण 'मला येत नाही' असे कबूल करील आणि कोण उगीचच कबूल करील, हे तो आधी ठरवतो. आणि आलेले ज्ञान वापरले जाईल की नाही, हे नंतर ठरवतो. तीन प्रश्नांच्या कागदावर या दोन टोकांमधला भाग तेवढा उमटतो.

याच शहरात सयाजीराव महाराजांनी १९०६ साली राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले आणि १९०८ साली बँक ऑफ बडोदा स्थापन केली. दोन वर्षांच्या अंतराने शाळा आणि बँक. मुलांना हे सांगितले तेव्हा वहीवाली मुलगी म्हणाली, की बँकेत कसे विचारायचे हे शाळेत शिकवले असते तर बरे झाले असते. तिच्या या बोलण्यावरून आमच्या वर्गाची पद्धत बदलली. आता मी सर्वांना एकच धडा देत नाही. वाणिज्यच्या मुलाने कार्ड वापरणे थांबवले आहे, दर महिन्याचा भरणा तो सर्वांना वाचून दाखवतो आणि आजवर दोनदा चुकला आहे. नंदुरबारच्या मुलाच्या वतीने उसनवारीची यादी वहीवाली मुलगी ठेवते, कारण मागायला तिला संकोच वाटत नाही. स्वतःच्या ज्ञानाविषयी जिला खात्री नव्हती ती दुसऱ्याचे चारशे रुपये मागताना मात्र कोणाला सोडत नाही, हे पाहून मी थक्क झाले. स्वभाव मोजणारे संशोधक सांगतात की नेटकेपणा विशी-तिशीत सरासरीने वाढत जातो, म्हणून या वयाच्या मुलांविषयी पक्के मत बनवण्याची मी घाई करत नाही.

शैक्षणिक कर्जवाल्या मुलाला मी गेल्या महिन्यात चार प्रश्न एका चिठ्ठीवर लिहून बँकेत पाठवले: आजवर किती व्याज साठले आहे, ते शिक्षण चालू असतानाच भरता येईल का, भरले तर अनेक बँका देतात तशी दरात एक टक्क्याची सवलत मिळेल का, आणि हप्ते नेमके कोणत्या महिन्यापासून सुरू होतील. बोलायचे नसेल तर नुसती चिठ्ठी पुढे कर, असे सांगितले होते. तो गेला, रांगेत उभा राहिला आणि तीन उत्तरे लिहून घेऊन आला. चौथा प्रश्न विचारायच्या आधी मागचा माणूस खाकरला, म्हणून तो निघून आला. सोमवारी पुन्हा जाणार आहे.